डोळे मिटलेलं कासव

"मग हेच नेऊ का, बाबा?"

खेमबाबा मढीच्या ओट्यावर बसून शेवग्याचा पाला निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणतं?"

"हे. भिंतीकडेचं."

मढीच्या अंगणात कासवं होती. पाण्यातली नव्हेत, माळावरची. दक्षिणेकडून मीठ लादून येणारे लमाण वाटेत एखादं कासव सापडलं की बाबांकडे आणून सोडत. काळ्या घुमटासारख्या पाठी, आणि प्रत्येक उंचवट्यावरून फुटलेल्या पिवळ्या रेघा. चांदण्याच काढल्यासारख्या.

पाल्याचा वास लागला तशी सगळी बाबांच्या पायांशी जमली होती. ढकलत होती, एकमेकांच्या पाठीवर चढत होती. एक तर उलथंच पडलं. बाबांनी बसल्या जागेवरून पायाच्या अंगठ्यानं ते सुलटं केलं.

एकच कासव भिंतीच्या सावलीत होतं. पाय आत, मान आत, डोळे मिटलेले.

"हेच का?" बाबांनी विचारलं.

"बाकीची काडीभर पाल्यासाठी धक्काबुक्की करतायत," मोरेश्वरशास्त्री म्हणाले. "आणि हे बघा. समोर अन्न आहे, तरी इच्छा नाही. याला साधलंय, बाबा."

बाबांचा हात पाल्यावर थांबला.

"उचल बरं त्याला."

शास्त्रींनी ते दोन्ही हातांनी उचललं. कासवानं हालचाल केली नाही.

"कसं लागतंय हाताला?"

"हलकं. सुकलेल्या नारळासारखं."

"हं."

"ते तर आणखी चांगलं. साधकानं हलकंच असावं."

बाबा पुन्हा पाला निवडू लागले...

मोरेश्वरशास्त्री मोठे विद्वान. त्यांचं प्रवचन म्हटलं की नांदगव्हाणच्या देवळात पाय ठेवायला जागा उरायची नाही. वैराग्यावर बोलायला लागले की ऐकणाऱ्याला आपलं घर, आपलं शेत, सगळं परक्याचं वाटू लागे. त्या दिवशी सकाळी ते खेमबाबांकडे संन्यास मागायला आले होते.

बाबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

"घरी कोण असतं?" एवढंच विचारलं.

"पत्नी आहे."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही." मग शास्त्री जरा थांबून म्हणाले, "एक मुलगी होती. देवीच्या साथीत गेली."

हे त्यांनी व्याकरणातला एखादा शब्द चालवून दाखवावा तसं सांगितलं. आणि वर म्हणाले, "माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, बाबा. सगळ्या गावानं पाहिलंय."

गावानं पाहिलं होतं, हे खरं. स्मशानातून परतताना लोक आपापसात म्हणाले होते, शास्त्री नुसते सांगत नाहीत, जगतात. ते शब्द शास्त्रींच्या कानांवर पडले होते, आणि तेव्हापासून ते त्यांनी जपून ठेवले होते.

 मग बाबा म्हणाले होते, "यातलं एक कासव घरी ने. पाळ. संन्यासाचं मग बघू."

शास्त्रींना वाटलं, आपण बाबांच्या मनातलं ओळखलं. कासवासारखी इंद्रियं आवरून घ्यावीत, हे त्यांनी किती प्रवचनांत सांगितलं असेल! परीक्षा त्यांच्या आवडत्या विषयातलीच निघाली होती.

"याला खायला काय घालू?" त्यांनी आता विचारलं.

"त्यालाच विचार."

"बाबा, मुकं जनावर ते..."

"म्हणून तर."

"आणि परत कधी आणू?"

"आणावंसं वाटेल तेव्हा."

शास्त्रींनी कासव उपरण्यात गुंडाळलं, बाबांना नमस्कार केला आणि ते निघाले. मढीच्या दारातून वळून पाहिलं तर बाबा पाला निवडायचे थांबले होते आणि शास्त्रींच्या हातातल्या उपरण्याकडे पाहत होते.

* * *

"हे काय आणलंत?" सगुणानं दारातच विचारलं.

"कासव. खेमबाबांनी दिलंय."

"पाळायला?"

"बघायला," शास्त्री म्हणाले. "त्याच्यापासून शिकायला."

सगुणानं आणखी विचारलं नाही. त्या घरात हल्ली प्रश्नाला दुसरा प्रश्न जोडत नसत.

शास्त्रींनी कासव देवघरात ठेवलं. देवघर आतल्या अंगाला होतं, गार आणि अंधारं. खाली गुळगुळीत शहाबादी फरशी. तांब्याच्या तबकात दूधभात कालवून त्यांनी कासवापुढे ठेवला. कासवानं तोंड लावलं नाही.

दुसऱ्या दिवशीही लावलं नाही.

शास्त्री त्याच्यासमोर आसन घालून बसू लागले. सकाळी बसत, दुपारी जेवण झालं की पुन्हा बसत. कासव हलत नसे, तेही हलत नसत. मुलगी गेल्यापासून ते त्याच खोलीत झोपत, तिथंच वाचत. सगुणा ताट आणून दाराशी ठेवी आणि परत जाई.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. माणसं बघायला येऊ लागली.

"शास्त्रींच्या समोर जनावरसुद्धा समाधी लावतं!" कुणीतरी म्हणालं.

 तो माणूस उठून गेल्यावर शास्त्रींनी आपली पाठ आणखी ताठ केली.

एकदा त्यांच्या मनात आलं, कासव म्हणजे जलचर. पाण्यावाचून त्याला कसं बरं वाटेल? त्यांनी घंगाळ भरून घेतलं आणि कासव त्यात सोडलं.

ते गटांगळी खाऊन तळाला गेलं. मग इतके दिवस न हललेले पाय एकदम हलू लागले. चारही पाय पाणी ओरबाडत होते.

"बघितलंस?" शास्त्री आनंदानं म्हणाले. "पाणी मिळालं आणि कसं..."

"अहो, काढा त्याला! बुडतंय ते!"

सगुणा धावत आली. तिनं बाह्यांसकट हात घंगाळात घातले आणि कासव बाहेर काढलं. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. तिनं पदरानं त्याची पाठ पुसली, मग पाय पुसले, एकेक.

शास्त्री बाजूला उभे होते. कुणाला असं पुसताना त्यांनी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ठेव तिकडे," ते म्हणाले, आणि देवघरात गेले.

त्यानंतर कासवाच्या पापण्या सुजल्या. डोळे आता मिटलेले नव्हते, चिकटलेले होते. श्वास घेताना नाकावर बारीक बुडबुडा धरायचा. मार्गशीर्षातली थंडी पडली होती आणि देवघराची फरशी बर्फासारखी लागत होती.

सगुणा ताट ठेवायला आली ती त्या दिवशी परत गेली नाही. दाराशीच उभी राहिली.

"अहो, आजारी आहे ते."

"ध्यान आहे ते," शास्त्री म्हणाले.

"नाक बघा त्याचं."

"आजारी जीव तळमळतो, सगुणे. कण्हतो. हे किती शांत आहे बघ."



"कृष्णीसुद्धा शेवटी शांतच झाली होती," ती म्हणाली.

मुलगी गेली त्या दिवसापासून घरात तिचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. शास्त्रींनीच तसं सांगून ठेवलं होतं. शोकाला नावानं हाक मारली की तो घरात येऊन बसतो, असं काहीसं ते म्हणाले होते.

"मी म्हणत होते, वैद्यांना बोलवा. तुम्ही म्हणालात, आता कुठं शांत झोपलीय. झोपू दे."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शास्त्रींना उत्तर देता आलं असतं.

वैद्य आले असते तरी काय झालं असतं, कुणास ठाऊक. त्या साथीत वैद्य ज्या घरांत गेले तिथली मुलंही गेलीच होती. पण सगुणानं तो हिशेब मांडला नव्हता. तिनं फक्त पाहिलेलं सांगितलं होतं.

शास्त्रींनी कासवाकडे पाहिलं.

पहिल्यांदाच पाहिलं म्हणा ना. इतके दिवस ते त्याच्यासमोर बसले होते, पण दिसत होतं ते त्यांचं आपलंच काहीतरी. आता दिसलं एक लहानसं जनावर. सुजलेले डोळे. मानेची लोंबणारी कातडी. तोंड जरासं उघडून श्वास ओढणारं.

ते उठले. आसन तसंच राहिलं. उपरणं कासवाभोवती गुंडाळून त्यांनी ते छातीशी धरलं आणि पायांत वहाणाही न घालता ते मढीच्या वाटेला लागले.

* * *

"मेलं?" खेमबाबांनी विचारलं.

"नाही, बाबा." शास्त्रींना दम लागला होता. "आजारी आहे. फार आजारी आहे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर नेलं असतंस?"



बाबा उठले. त्यांनी अंगणातलं दुसरं एक कासव उचललं आणि शास्त्रींच्या मोकळ्या हातावर ठेवलं.

शास्त्रींचा हात खाली गेला. इवलंसं जनावर, पण धोंड्यासारखं जड! त्यानं मागचे पाय शास्त्रींच्या तळहातावर रोवले आणि असा रेटा दिला की ते निसटतंय की काय असं वाटलं. मान लांब काढून त्यानं शास्त्रींकडे पाहिलं. डोळे काळेभोर, ओले, चमकणारे. मग ते त्यांच्या मनगटावर मुतलं.

"हे धडधाकट," बाबा म्हणाले.

शास्त्री तसेच उभे राहिले. एका हातात जड, एका हातात हलकं.

"कासव घ्यायचं तर असं घ्यावं," बाबा म्हणाले. "डोळे उघडे हवेत, नाक कोरडं हवं. उचललं की चिडायला हवं. तुझ्या हातातलं ते ठेव इथं. हे घेऊन जा."

शास्त्रींनी दोन्हीकडे पाहिलं.

जड कासव पाय झाडत होतं. त्याला खाली उतरायचं होतं, पाल्याकडे जायचं होतं. त्याला कुणाची गरज नव्हती.

त्यांनी वाकून ते हळूच जमिनीवर ठेवलं.

"नाही, बाबा. मी हेच नेतो."

"ते जगेल असं नाही."

"नसेल." शास्त्रींनी उपरणं नीट गुंडाळून घेतलं. "पण मला सांगा, काय करू?"

बाबा त्यांच्याजवळ आले. पहिल्यांदाच अगदी जवळ बसले. मग घरातल्या वडीलधाऱ्यानं सांगावं तसं सांगत गेले.

याला ऊन पाहिजे. सकाळचं, कोवळं, पाठीवर येईल असं. पण शेजारी सावलीही हवी, म्हणजे नको वाटलं की सरकता येईल. फरशी नको, कोरडी माती हवी, पायांची नखं रुतली पाहिजेत. दूध नको, भात नको. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, नागफणीचं पान काटे काढून. शिंपल्याची चिमूटभर पूड पाल्यावर भुरभुरवायची, पाठ टणक होते त्यानं. रोज परातीत कोमट पाणी, हनुवटी वर राहील इतकंच, त्यात थोडा वेळ बसवायचं. डोळे ओल्या फडक्यानं पुसायचे. जोर लावायचा नाही.

"आणि घाई करायची नाही," बाबा म्हणाले. "त्याला घाई कळत नाही."

"एकट्याला जमेल मला?"

बाबांनी पाल्याची जुडी बांधून त्यांच्या हातात दिली.

"एकट्यानं डोळे पुसता येणार नाहीत त्याचे. कुणीतरी धरायला लागतं."

* * *

सगुणानं धरलं.

परसात केळीच्या पलीकडे एक कोपरा होता. तिथं सकाळी ऊन यायचं. शास्त्रींनी स्वतः दगड वेचून जागा साफ केली, कोरडी माती आणून पसरली, मागं एक फुटकं मडकं आडवं पुरलं, सावलीसाठी आणि रात्रीच्या उबेसाठी. त्यांच्या हातांना असल्या कामाची सवय नव्हती. तळव्यांना फोड आले. सगुणानं ते पाहिले आणि हळद-तेल आणून ठेवलं.

सकाळी ती परातीत पाणी ओते. शास्त्री कोपर बुडवून बघत.

"गरम आहे."

"नाही हो. बाळंतिणीच्या खोलीत असंच असतं."

"असतं?"

"कृष्णीला असंच लागायचं."

शास्त्रींनी पुन्हा कोपर बुडवला. या वेळी त्यांना पाणी बरोबर वाटलं.

ती कासव मांडीवर धरी. शास्त्री फडक्याचं टोक ओलं करून पापण्या पुसत. एवढ्याशा पापण्या, मसुराच्या डाळीएवढ्या! पहिल्यांदा सगुणानं त्यांचा हात धरून कसं पुसायचं ते दाखवलं.

डोळे उघडत नव्हते. कासव खात नव्हतं.

प्रवचनं बंद पडली. निरोप घेऊन आलेल्या माणसाला शास्त्रींनी परसातूनच ओरडून सांगितलं, "या महिन्यात जमणार नाही!" गावात कुजबुज सुरू झाली. संन्यास घ्यायला निघालेले शास्त्री परसात मांडी घालून कासवाला फुलं भरवतात म्हणे. हसणारे हसले. शास्त्रींना ते कळत होतं. पहिले काही दिवस लागलंही. मग त्याकडे लक्ष द्यायला सवड राहिली नाही.

कारण कासव खात नव्हतं.

रोज जास्वंदीचं ताजं फूल तोंडाशी धरायचं. रोज ते तसंच सुकायचं. दुपारी शास्त्री ते उचलून टाकायचे आणि सकाळी नवीन तोडायचे.

एका सकाळी पाणी झालं, डोळे पुसून झाले. कासव सगुणाच्या मांडीवर होतं. शास्त्रींनी फूल पुढे धरलं.

"खा," ते म्हणाले.

कासव हललं नाही.

"खा ना. एवढंसं खा."

सगुणा फुलाकडे बघत होती.

"खा गं बाई... एक घास..."

तो शब्द कुठून आला ते त्यांना कळलं नाही. पण आजारी लेकीपुढं पेजेची वाटी धरून ते हेच म्हणाले होते. अगदी हेच, याच आवाजात. आणि मग ती झोपली, असं समजून उठून गेले होते.

फूल हातातून पडलं.

ते रडले. परसात, उघड्यावर, दिवसाढवळ्या. विद्वान माणूस, पण रडायचं कसं ते येत नव्हतं. घशातून वेडावाकडा आवाज येत होता. शेजारच्या परसात कुणीतरी थबकलं आणि मग आत निघून गेलं.

सगुणा उठली नाही. तिच्या मांडीवर कासव होतं, त्याला पालथं-उलथं होऊ द्यायचं नव्हतं. एक हात त्याच्या पाठीवर ठेवून तिनं दुसरा नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी एकटीच तिची आई. तिला बापच नव्हता."

"होता गं," शास्त्री म्हणाले. "होता..."

किती वेळ गेला ते दोघांनाही कळलं नाही. ऊन केळीच्या पानांवरून खाली उतरलं, सगुणाच्या मांडीवर आलं.

त्यानंतर त्या घरात बोलणं सुरू झालं. एकदम नव्हे. कधी पाणी गरम करताना, कधी पाला धुताना. तिला जोंधळ्याची लाही आवडायची, ते सगुणानं सांगितलं. ती चालायला शिकली तेव्हा देवळाच्या पायरीवर बसून प्रत्येकाला नमस्कार करायची, ते शास्त्रींनी सांगितलं. सगुणाला ते ठाऊकच नव्हतं. ती ऐकतच राहिली.

शास्त्री आता ताट दाराशी ठेवू देत नसत. स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसत.

आणि मग, थंडी सरत आली तेव्हा, एका सकाळी सगुणाची हाक आली.

"अहो! या इकडे! लवकर या!"

शास्त्री पूजेतून उठून धावले. हातात ताम्हन तसंच.

कासव मडक्याच्या तोंडाशी उन्हात उभं होतं. बसलेलं नव्हे, चार पायांवर उभं. एक डोळा अर्धा उघडा. दुसरा पूर्ण. काळाभोर. काल टाकायची राहून गेलेल्या सुकलेल्या जास्वंदीची एक लाल पाकळी त्याच्या तोंडातून लोंबत होती, आणि ते ती अगदी सावकाश, विचार केल्यासारखी, आत घेत होतं.

पाकळी संपली. तोंडाला लाल रंग लागला होता.

सगुणा हसली. विडा खाल्लाय बाईनं, म्हणाली. आणि पुन्हा हसली. शास्त्रींनी ते हसणं ऐकलं, ताम्हन मातीत ठेवलं आणि हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनी ठरवलं नव्हतं. उन्हाला असतील. कासवाला असतील. समोर बसलेल्या बायकोला असतील.

* * *

चैत्रात ते दोघं मढीवर गेले. सगुणानं टोपलीत मऊ गवत अंथरलं होतं. वाटेत टोपली आळीपाळीनं घेतली. कासव सारखं कडेवर पाय ठेवून बाहेर पडायला बघत होतं, आणि ज्याच्या हातात टोपली असेल तो त्याला दटावत होता.

खेमबाबा ओट्यावर होते. शास्त्रींनी कासव अंगणात सोडलं.

ते तरातरा निघालं. कासवाला तरातरा म्हणता येईल तेवढं. ओट्याशी जाऊन बाबांच्या पायाजवळ थांबलं. अंगठ्याचा वास घेतला आणि कडकडून चावलं.

"अगं आई गं!" बाबा ओरडले. मग हसू लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कासव उचललं, हातावर तोललं, पुन्हा तोललं, आणि सोडून दिलं.

"संन्यास मागायला आलास?"

"नाही, बाबा."

"मग?"

शास्त्रींनी वाटभर शब्द जुळवले होते. कृतज्ञतेवर बोलायचं तर त्यांना एक प्रहर पुरला नसता. पण आता त्यातलं एकही वाक्य हाताशी लागेना. त्यांनी नुसते हात जोडले.

"उपकार झाले, बाबा..."

बाबा गुडघ्यावर हात ठेवून ओट्यावरून उतरले. शास्त्रींना काही कळायच्या आत त्यांनी वाकून आपलं डोकं शास्त्रींच्या पायांवर ठेवलं.

"बाबा! हे काय करता!" शास्त्री मागं सरले.

बाबा तिथंच जमिनीवर बसले.

"लमाणानं ते गोणीतून काढून दिलं, तेव्हाच त्याचे डोळे मिटलेले होते," ते म्हणाले. "मी पाणी केलं. पाला दिला, फुलं दिली. उन्हात ठेवलं की ते सावलीत जायचं. माझ्या हातून एक पान खाल्लं नाही त्यानं. रोज सकाळी उठून आधी बघायचो, आहे की गेलं. थकलो होतो रे मी... तू ते नेलंस."

"मी चुकून नेलं, बाबा! मला काही कळलं नव्हतं."

"नेलंस ना?"



बाबा सगुणाकडे वळले. त्यांनी तिलाही हात जोडले. ती संकोचली, पदर सावरून खाली बघू लागली.

"बाबा, आम्ही आता तिच्याबद्दल बोलतो," ती हळूच म्हणाली.

"कोण ती?"

"कृष्णी. आमची मुलगी."

"सांग मला," बाबा म्हणाले.

मग सगुणानं सांगितलं. मध्ये मध्ये शास्त्रींनी सांगितलं. एक चुकलं की दुसऱ्यानं दुरुस्त केलं. बाबांनी भाकरी केल्या, वर मिरचीचा ठेचा दिला, आणि तिघांनी अंगणात बसून खाल्ल्या. कासवं पायांशी फिरत होती. आपलं त्यांतलं कोणतं ते शास्त्रींना बघितल्याबरोबर ओळखू येत होतं.

निघायची वेळ झाली. सगुणानं कासव टोपलीत ठेवलं. शास्त्री उठले, दोन पावलं गेले, आणि परत आले.

"बाबा, एक विचारायचं राहिलं."

"विचार."

"आता मी साधना कोणती करू?"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. सावली भिंतीच्या पायथ्यापासून अंगणात उतरू लागली होती. मग त्यांनी टोपलीकडे पाहिलं, सगुणाकडे पाहिलं...

"ऊन आहे तोवर घरी पोचा."